घरी बिअर करणारे बाजारात कुठली बिअर घेतात?

गेल्या डिसेंबरात माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियाहून आला होता. आम्ही अंधेरीतल्या एका टॅपरूममध्ये बसलो. त्याने ग्लास उचलून दिव्यासमोर धरला, मग नाक जवळजवळ फेसात घालून हुंगला, इवलासा घोट घेतला, डोळे मिटले, परत हुंगला. हे इतकं लांबलं की शेवटी वेटर लगबगीने आला. "सर, काही पडलंय का आत? बदलून देऊ?"

"नाही नाही, छान आहे," हा ओशाळून म्हणाला.

हा बाबा गेली आठ वर्षं आपल्या गॅरेजमध्ये स्वतः बिअर बनवतो. तिकडे याला होमब्रूइंग म्हणतात आणि तो लाखो लोकांचा रीतसर छंद आहे. रीतसर म्हणजे कायद्याने. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ मध्ये उठली, पण घरच्या बिअरला देशपातळीवर मोकळीक मिळायला आणखी पंचेचाळीस वर्षं लागली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्या कायद्यावर सही केली. आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे वाचून कुणी माळ्यावरचा पिंप खाली काढू नये. प्यायची असेल तर वय एकवीस पूर्ण हवं, हेही सांगून टाकते.

तर मी त्याला विचारलं, "एवढी घरी करतोस, मग दुकानातून कधी आणतोस की नाही?"

"आणतो ना."

"कुठली?" मला वाटलं, आता हा कुठल्यातरी डोंगरावरच्या मठातलं, वर्षातून एकदा मिळणारं नाव सांगणार.

"सिएरा नेवाडा पेल एल."

ही तिकडे किराणा दुकानातही मिळते. मी म्हटलं, "म्हणजे आपलं पार्ले-जी?"

"हसू नकोस, ताई. घरी पार्ले-जी करून दाखव."

त्याचं म्हणणं कळायला बिअर कशी होते हे थोडं माहीत हवं. नाचणीचं सत्त्व घरी केलेल्यांना ते पटकन कळेल. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, दळायची. बिअरचं माल्ट म्हणजे हेच, फक्त नाचणीच्या जागी बार्ली, म्हणजे जव. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरं (एन्झाइम्स) तयार होतात आणि ती पिठूळ स्टार्चची साखर करतात. मोडाच्या नाचणीची पेज म्हणूनच गोडसर लागते. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की गोड पाणी उतरतं. ते गाळून हॉप्स घालून उकळायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूसारखी फुलं. कडूपणा तीच देतात आणि वासही. मग हे पाणी गार करून त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल बनवतं आणि वायू सोडतं. सामान चारच गोष्टींचं: पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. यात चुकायला जागा मात्र चारशे. पाणी तीन-चार अंश जास्त तापलं तर बिअर जडशीळ होते, यीस्टला उकाडा सोसला नाही तर भलतेच वास येतात, नळी नीट धुतली नाही तर आंबट.

आता स्वयंपाकाचंच घ्या. आमच्याकडे नवीन सून चांगली सुगरण आहे का, हे आजी साध्या वरणावरून ओळखायची. मिसळीत तर्रीखाली खूप काही झाकलं जातं. साध्या वरणात डाळ, हळद, हिंग, गूळ, मीठ, वर तुपाची धार, बस. डाळ बोटचेपी राहिली की लगेच कळतं, हिंग जास्त पडला की लगेच कळतं. स्वतः चूल पेटवणारा माणूस दुसऱ्याच्या हातचं साधं वरण जेवताना मनात काय म्हणतो, तेच हे होमब्रूवाले सिएरा नेवाडा पिताना म्हणतात.

त्या बिअरचा इतिहासही घरगुतीच आहे. केन ग्रॉसमन या तरुणाने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चिको गावात होमब्रूच्या सामानाचं दुकान काढलं होतं. पुढे भागीदारासोबत त्याने दूधडेअऱ्यांची मोडीत निघालेली भांडी जमवून ब्रूअरी उभी केली आणि १९८० मध्ये बिअर करायला घेतली. चवीत सातत्य येईना म्हणून पेल एलचे सुरुवातीचे कितीतरी घाणे त्याने चक्क ओतून दिले. चकलीचा पहिला घाणा बिघडला तर आपण मुलांना देतो. त्याला तीही सोय नव्हती.

त्यात त्याने कॅस्केड नावाचे हॉप्स वापरले. सरकारी संशोधनातून तयार झालेली ही अमेरिकन जात १९७२ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली. युरोपातले नामांकित हॉप्स फुलांचा, मसाल्यांचा, गवताचा वास देतात. कॅस्केड वेगळंच. गणपतीत पपनस सोलताना सालीतून जो फवारा उडतो, तो वास, आणि त्याच्या मागे थोडी राळ. त्या काळी बिअरला असा वास येणं विचित्रच वाटलं असणार. आज जगभर ज्याला अमेरिकन पेल एल म्हणतात, तिचा नमुना म्हणजे हीच बिअर. अल्कोहोल ५.६ टक्के.

पण घरी करणाऱ्यांचं खरं प्रेम बाटलीच्या तळाशी आहे. या बिअरचा फेस बाटलीतच तयार होतो. बाटलीत थोडं जिवंत यीस्ट सोडलेलं असतं, ते उरलेली साखर खाऊन वायू करतं आणि मग तळाशी पिठासारखा पातळ थर धरून बसतं. मावसभाऊ अलगद ओततो आणि बोटभर बिअर तळाशी ठेवतो. ती तो टाकत नाही. नवशिका असताना त्याने त्या गाळावर उकळून गार केलेलं माल्टचं गोड पाणी ओतून बाटलीचं तोंड फॉइलने झाकून ठेवलं होतं. तीन दिवसांत बुडबुडे आले. आपण शेजारच्या वहिनींकडून विरजण मागून आणतो ना, तसं त्याने ब्रूअरीला न विचारता तिचं विरजण आणलं. हे यीस्ट आता चिको या गावाच्याच नावाने ओळखलं जातं. यीस्ट विकणाऱ्या कंपन्यांच्या पाकिटांतूनही ते मिळतं आणि अमेरिकेत घरी बिअर करायला शिकणारे बरेच जण पहिल्यांदा तेच वापरतात. त्याचा गुण म्हणजे ते स्वतःची चव मध्ये घालत नाही. माल्ट आणि हॉप्स जसे असतील तसे दाखवतं.

म्हणजे बाजारातली बिअर ही या मंडळींसाठी उत्तरपत्रिका असते. स्वतः केलेली आणि विकतची शेजारी शेजारी ठेवायची आणि कुठे फरक पडला ते शोधायचं. याला ते क्लोन करणं म्हणतात. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांची जी अमेरिकन संस्था आहे, बीजेसीपी, तिच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक प्रकारापुढे बाजारातल्या बिअरची नावं नमुना म्हणून दिलेली असतात. वर्णन वाचून कळलं नाही तर ही पिऊन बघा, असा सरळ हिशेब. काही ब्रूअरी स्वतःहूनही वही उघडतात. स्कॉटलंडच्या ब्रूडॉगने २०१६ साली आपल्या सगळ्या बिअरच्या पाककृती फुकट जाहीर केल्या. आपल्याकडचा एखादा वडापाववाला चटणीचं प्रमाण सांगेल का, विचारून बघा.

अमेरिकेतल्या होमब्रूवाल्यांच्या संघटनेचं एक नियतकालिक आहे, झायमर्जी. ते दरवर्षी सभासदांना बाजारातल्या आवडत्या बिअर विचारायचं. २००९ ते २०१६ अशी सलग आठ वर्षं पहिला नंबर एकाच बिअरचा आला, प्लायनी द एल्डर. कॅलिफोर्नियातल्याच सांता रोझा गावच्या रशियन रिव्हर ब्रूअरीची ही ८ टक्क्यांची, हॉप्सने ओथंबलेली डबल आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल या कडू बिअरचा आणखी कडक प्रकार. नाव रोमन निसर्ग-अभ्यासक प्लिनीचं, तोच जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. हॉप्सचा जुना लिखित उल्लेख त्याचा, अशी समजूत आहे. हिची धाकटी, खरं तर अल्कोहोलने थोरली, प्लायनी द यंगर वर्षातून मोजके दिवसच मिळते आणि तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. लालबागच्या रांगेत मुलं कडेवर घेऊन उभं राहणाऱ्यांना यात काही नवल वाटू नये.

मग २०१७ पासून चार वर्षं पहिला नंबर दुसरीचा, मिशिगनच्या बेल्स ब्रूअरीच्या टू हार्टेड एलचा. लेबलवर एक ट्राउट मासा आहे. या ब्रूअरीच्या लॅरी बेलचीही गोष्ट ग्रॉसमनसारखीच: १९८३ मध्ये होमब्रूच्या सामानाचं दुकान, १९८५ मध्ये सूपाच्या पातेल्यात केलेली पहिली विक्रीची बिअर. टू हार्टेडमध्ये हॉप्सची एकच जात आहे, सेंटेनियल. एकच जात असली की शिकणाऱ्याला गोंधळ होत नाही. सेंटेनियल म्हणजे काय, हे एका ग्लासात कळतं. प्लायनी शिकायला तशी अवघड, कारण तिच्यात हॉप्सच्या अनेक जाती आहेत. पण तिच्या कर्त्याने, विनी सिलुर्झोने, घरी करता येईल अशी तिची पाककृती होमब्रूवाल्यांना देऊन टाकली. मला वाटतं, त्या आठ वर्षांच्या पहिल्या नंबरात या मोकळेपणाचाही वाटा असावा.

प्लायनीची माझी एक खाजगी कहाणी आहे. मागच्या खेपेला भावाने सुटकेसमध्ये दोन बाटल्या आणल्या होत्या, मोज्यांत गुंडाळून. मी म्हटलं, एवढी दुर्मिळ वस्तू, सत्यनारायणाच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे येतील तेव्हा काढू. ते पाहुणे आले आठ महिन्यांनी. मधला एप्रिल-मे बाटल्यांनी स्वयंपाकघराच्या माळ्यावर काढला. उघडली तर भिजलेल्या पुठ्ठ्याची चव आणि जुन्या मधाचा वास. नवरा म्हणाला, "यासाठी लोक रांगा लावतात?" चूक पूर्ण माझी. ताजी प्या, थंड ठेवा, जपून ठेवू नका, असं लेबलवरच बजावलेलं असतं.

ब्रूअरीवाल्यांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३००. बिअर ३२ अंशाला तीन दिवसांत जितकी शिळी होते, तितकी शिळी व्हायला २२ अंशाला तीस दिवस लागतात आणि फ्रिजमध्ये ३ अंशाला तीनशे. मुंबईचा मे महिना यात कुठे बसतो ते सांगायला नको. सगळ्यात आधी हॉप्सचा वास जातो. म्हणून हॉप्सवर उभी असलेली बिअर आपल्याकडे दुरून आली की अर्धी गेलेली असते. गंमत अशी की आयपीए, इंडिया पेल एल, हिच्या नावात आपण आहोत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसन या ब्रूअरीवाल्याची बिअर आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला पोचायची. प्रवासात टिकावी म्हणून भरपूर हॉप्स घालून हा प्रकार खास इंडियासाठी शोधला, ही गोष्ट सगळे सांगतात, पण तशी बिअर इंग्लंडात आधीपासून होती. तिला नाव मात्र आपलं मिळालं.

उन्हाचा त्रास वेगळाच. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाश पडला की गंधकयुक्त संयुग तयार होतं आणि जळक्या रबरासारखा वास सुटतो. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी अडवत नाही. दुकानाच्या काचेत ट्यूबलाइटखाली मांडलेली हिरवी बाटली घेऊ नका, कॅन घ्या.

मुरल्याने चांगली होणारी बिअरही आहे आणि तीही या मंडळींच्या लाडाची. बेल्जियममधल्या ऑर्वाल मठाची. मठातल्या साधूंच्या देखरेखीखाली तयार होते. बाटलीत भरताना तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं. ते संथपणे, महिनोन्‌महिने काम करत राहतं. ताजी ऑर्वाल कडू आणि हॉप्सच्या वासाची, सहा महिन्यांची कोरडी, तिला थोडा तबेल्याचा, चामड्याचा वास. लोणचं चैत्रात घालतो आणि श्रावणात त्याच बरणीत वेगळंच काही निघतं, तसं. घरी करणारे ऑर्वालच्या सहा बाटल्या घेतात आणि दर दोन महिन्यांनी एक उघडतात.

बेल्जियमचीच सेझाँ द्युपाँ ही या मंडळींची आणखी एक आवडती. एल जातीच्या यीस्टला साधारण १८ ते २० अंश लागतात, लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर, करायची तर १० च्या आसपास. द्युपाँचं यीस्ट मात्र तिशीच्या पुढे खुशीत काम करतं, बाकीची यीस्ट जिथे हात टेकतात तिथे. भाऊ आमच्या गच्चीवर घाम पुसत म्हणाला, "हे यीस्ट तुमच्या दादरसाठीच जन्मलंय." पाणीही आपलं वाईट नाही. भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी म्हणजे सह्याद्रीत पडलेला पाऊस, क्षार कमी असलेलं, मऊ. असंच मऊ पाणी चेक प्रजासत्ताकातल्या प्लझेन गावात आहे, आणि तिथूनच होमब्रूवाल्यांची सगळ्यात धडकी भरवणारी आवडती बिअर येते.

पिल्सनर उर्केल. १८३८ साली प्लझेनच्या लोकांनी गावातली खराब बिअर पिंपंच्या पिंपं रस्त्यावर ओतून दिली. मग गावाने स्वतःची ब्रूअरी बांधली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला, आणि १८४२ मध्ये त्याने पहिली सोनेरी पिल्सनर केली. आज आपण जिला नुसती 'बिअर' म्हणतो, ती पिवळी, पारदर्शक, फेसाळ, तिची ही मूळपुरुष. इथे अजूनही माल्टच्या पाण्याचा एक भाग बाहेर काढून उकळतात आणि परत मूळ भांड्यात ओततात, असं तीन वेळा. घरी हा उपद्व्याप एका रविवारात होत नाही. शिवाय लागर फिकी. तिच्यात पपनस नाही, भाजल्या दाण्याचा कडूपणा नाही, काही झाकता येत नाही. यीस्टने काम अर्धवट सोडलं तर हिरव्या सफरचंदाचा वास येतो. उकळी कमी पडली तर उकडलेल्या मक्याचा. घाईने गार केली तर थिएटरातल्या बटर पॉपकॉर्नचा. गंमत म्हणजे यातला लोण्याचा किंचित अंश उर्केलमध्ये असतोच आणि तिथे तो शोभतो. जर्मन गव्हाच्या बिअरला वेलची केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो असाच, एरवी दोष, तिथे गुण.

म्हणून मोठमोठ्या कंपन्यांच्या साध्या लागरवर घरी करणारे विनोद करतात, पण खाजगीत त्यांना मानतात. भाऊ म्हणतो, बडवायझरवाले तांदूळ घालतात म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. वेगवेगळ्या ठिकाणच्या डझनभर कारखान्यांतून तीच चव काढणं सोपं नाही. त्याच्या स्वतःच्या एकाच पाककृतीचे दोन घाणे कधी सारखे निघालेले नाहीत.

मुंबईत ही मोठी नावं बहुतेक मिळत नाहीत, मिळाली तर ताजी नसतात. इथे काय करावं? मला त्याचा सल्ला पटला: जिथे बनते तिथेच प्यावी. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेलं डुलाली पुढे मुंबईत आलं, नंतर बऱ्याच मायक्रोब्रूअरी आल्या. (डुलाली हे नाव आपल्या नाशिकच्या देवळालीवरून. परतीच्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडलेल्या गोऱ्या सोल्जरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत वेडसर माणसाला डुलाली म्हणू लागले.) या ठिकाणी बेल्जियन विटबिअर बहुतेक मिळतेच. ढगाळ, गव्हाची, धणे आणि संत्र्याची साल घातलेली. हा प्रकार जवळजवळ संपला होता. हूगार्डन गावातल्या पिएर सेलिसने साठच्या दशकात तो पुन्हा जिवंत केला. आपल्या उकाड्याला तो बरा मानवतो, धण्याचा वासही ओळखीचा, त्यामुळे इथे रुजला. हूगार्डन मुंबईतल्या वाइन शॉपमध्येही मिळते. टॅपरूममधली विट आणि ती शेजारी ठेवून प्यायलात तर उत्तरपत्रिका तपासणं म्हणजे काय, ते आपोआप कळेल.

जायच्या आदल्या संध्याकाळी त्याला टॅपरूम नको होती. आम्ही दादरच्या एका जुन्या परमिट रूममध्ये गेलो, जिथे पंखा गरगरतो आणि न मागता खारे शेंगदाणे येतात. त्याने साधी माइल्ड लागर मागवली, चिल्ड. बाटलीवरची तारीख वाचली, ग्लास ट्यूबलाइटसमोर धरला, हुंगला. इथला वेटर बघतही नव्हता. अर्धा ग्लास संपेपर्यंत हा गप्प.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि हात वर करून दुसरी मागवली.